कवठाच्या पेशीत बेल

"बेल परत उगवला, तर पहिलं पान महादेवाला वाहा हं, वैजयंता," असं सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या. रोगाने जगातला शेवटचा बेल वाळून तेव्हा वर्ष झालं होतं. वैजयंताने त्यांच्या पोथीतल्या सुक्या बेलपानातून एक केंद्रक सोडवलं आणि कवठाच्या पेशीतलं केंद्रक काढून तिथे बसवलं.

आज प्रयोगशाळेत त्या पेशीतून वाढलेल्या रोपाचं पहिलं पान उलगडत होतं.

"ताई, घर कवठाचं आहे. कवठासारखी पाच दलं निघाली तर?" सहकारी शकीलभाईंनी चिडवलं.

"घर कुणाचंही असो, हुकूम केंद्रकाचाच चालतो," ती म्हणाली. पण पानावरची नजर हलेना.

तीनच दलं उघडली. शकीलभाई टाळ्या पिटत म्हणाले, "एकुलतं पान आहे, तोडू नका हं."

"तोडतंय कोण?" म्हणत तिने कुंडीच उचलली आणि अनवाणी देवळाची वाट धरली.