हुकमाच्या तारा

"चित्र आलं का गं?" बाबांनी वरून विचारलं.

"आलं," ती म्हणाली.

आलं होतं, आणि नको इतकं जवळून आलं होतं. वीज मिळताच फिरत्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि तो नेमका बाबांकडे तोंड करून थांबला. ते गोदामाच्या छताखाली, शिडीच्या टोकाला उभे होते. खाली टेबलावर, रेकॉर्डरच्या पडद्यात त्यांचा चेहरा मावत नव्हता. कपाळावरचा घाम कानाकडे ओघळत होता. ओठांचा रंग तिला आवडला नाही.

"अहो मिस्त्री, वय काय तुमचं?" गोदामाचे मालक तिच्या खुर्चीमागे उभे होते. "पोरीला चढवायचं की!"

"तिला कशाला?" बाबा हसले. पडद्यावर आधी धाप दिसली, मग हसू. "खालचं डोकं तिचं, वरचे हात माझे. शिडी सोडली की मी म्हणजे दुकानातल्या पंख्याखाली बसवलेला म्हातारा."

मालक तिच्याकडे बघत राहिले. आता ती काही बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. तिनं माऊस उगाच इकडून तिकडे हलवला.

राहिल्या होत्या फक्त हुकमाच्या तारा. हे नाव बाबांचं. कॅमेरा दिसलेलं ज्या केबलनं खाली पाठवतो ती जाड असते, विजेची वेगळी. पण 'डावीकडे बघ, वर बघ' हे रेकॉर्डरचं सांगणं त्याच्यापर्यंत पोचवतात दोन बारीक तारा, एक पिवळी आणि एक पांढरी. त्या उलट्या लागल्या तर काही जळत नाही, काही बिघडत नाही. कॅमेरा फक्त ऐकत नाही.

बाबांनी दोन्ही तारा डोळ्यांपाशी धरल्या, म्हणजे कॅमेऱ्यापाशीच. पडद्यावर पिवळी पिवळीधमक दिसत होती. बाबा मात्र एकीवरून दुसरीवर नजर नेत होते, पुन्हा मागे आणत होते. मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन 'हातातली कामं संपली की' होणार होतं. तसल्या डोळ्यांना पांढरंही पिवळंच दिसतं. त्यांनी एक तार चिमटीत चोळून पाहिली, रंग बोटांना लागणार असल्यासारखी. मग पिवळी पांढरीच्या जागी गेली आणि स्क्रू आवळला गेला.

तिनं ते होताना पाहिलं. मालकांचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

"फिरव डावीकडे."

तिनं बटण दाबलं. बाबांचा चेहरा होता तिथेच राहिला.

"फिरव की!"

"फिरवतेय."

"मग?"

शिडी करकरली. खाली ती धरून उभ्या असलेल्या हमालानं पाय रोवले. तिनं पडद्यावरून नजर काढली आणि मान वर केली. बाबा दोन्ही हातांनी शिडीला धरून होते. तारा बदला म्हटलं, की तितकाच वेळ पुन्हा वर, पुन्हा त्याच डोळ्यांनी. आणि मालकांसमोर.

"माझंच चुकलं वाटतं, बाबा," ती म्हणाली. "रेकॉर्डरला कॅमेऱ्याचा नंबर भलताच दिलाय मी. या खाली. उद्या निवांत बघू."

"उद्या?" मालक उखडले. "तोवर हा काय शिडीकडे टक लावून बसणार?"

"पोर आहे, चुकते," वरून खुशीत उत्तर आलं. बाबा उतरायला लागले. प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि थांबणं झाकायला काहीतरी बोलत होते. "इतकी पुस्तकं वाचते... पण एक आकडा... धड टाकता येईल तर शपथ." जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी तिच्या डोक्यात टपली मारली. "शहाणे, उद्या आधी आकडा नीट टाक. मगच मला वर चढव."

"हो," ती म्हणाली. हात तिच्या कपाळाला लागला होता. भर उकाड्यात तो गार होता.

पहाटे बाबा झोपेतच गेले.

मालकांनी बरेच दिवस फोन केला नाही. मग केला, तोही अडखळत. तिच्याबरोबर काका आले, शेजारच्या दुकानातले फिटर, बाबांचे जन्माचे सोबती आणि जवळपास त्यांच्याच वयाचे. मालक या खेपेला दारातच थांबले.

"तुझ्या बापानं उभ्या आयुष्यात कच्चा जोड सोडला नाही," काका शिडी टेकवत म्हणाले. "नंबरच चुकला असणार तुझा."

"नंबर बरोबर आहे, काका. त्या दिवशीही होता."

काकांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं.

"वर दोन तारा उलट्या लागल्यात," ती म्हणाली.

काकांनी शिडीचा दांडा तळव्यानं चोळला. "बरं," ते म्हणाले, "बदलतो की मग. तू बस तुझ्या जागेवर."

ती बसली. कॅमेरा अजून तिथेच बघत होता. पडद्यात शिडीची रिकामी वरची पायरी आणि मागची भिंत दिसत होती. खालून काकांचं टक्कल हळूहळू त्यात वर आलं, अर्धं आलं आणि थांबलं.

"काय उकडतंय इथं," काका म्हणाले. त्यांनी छाती शिडीला टेकवली होती.

ती उठली तशी खुर्ची मागे आदळली. मालकांनी दारातून वळून पाहिलं. तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बाबा, खाली या," ती म्हणाली. "मी चढते."