डब्यावरचं

वैजयंतीला बारावीनंतर केमिस्ट्री घ्यायची होती. तिचे चुलते, नाना, म्हणाले, "पोरीला औषधाच्या डब्यावरचं वाचता आलं, तरी लई झालं." सगळं घर हसलं. तिचा विषय त्याच दिवशी पक्का झाला.

आठ वर्षांनी निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने घ्यायला प्रयोगशाळेने तिला नारायणगावजवळच्या चुलत्यांच्याच बागेत पाठवलं. फवारणीच्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला, तर सगळा माल नाकारला जाणार होता. चुलत्यांनी तिला विहिरीकडच्या चार वेलींपाशी नेलं. "हितलंच घे, वैजू."

त्या वेली घरी खायला राखलेल्या, कधीच न फवारलेल्या. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती सरळ मधल्या ओळीत शिरली. तिथले घड कापून तिने पिशवी सीलबंद केली आणि वेलीखाली पडलेला, अजून वास येणारा औषधाचा रिकामा डबा उचलला.

"नाना, वाचून दाखवू?"