लिंबाजींचं दहावं

दीड तास झाला तरी लिंबाजींच्या पिंडाला कावळा शिवेना. नदीकाठी जमलेली माणसं उन्हानं हैराण झाली होती. मुलांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू, वाटणीवरून भांडणार नाही. पिंपळावरचा कावळा ढिम्म.

पहिल्या रांगेतल्या आमदार धनवटेंना वाटलं, हीच संधी. पाचव्यांदा उभं राहायचं होतं, निवडणूक महिन्यावर आली होती आणि समोर अख्खं गाव आयतं बसलं होतं. ते उठले आणि प्रचारसभेतल्याच आवाजात पिंडाला म्हणाले, "लिंबाजी, तुमचा जीव या नदीवरच्या पुलात अडकलाय. यंदा पूल करतोच. माझा शब्द आहे!"

कावळा उडाला आणि थेट पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

"सायेब, जरा मागं सरा," लिंबाजींची बायको म्हणाली. "ह्यो शब्द त्यांनी चारदा ऐकलाय. चारदा दारोदार फिरून तुमच्यासाठी मतं मागितली, आन् मरेस्तवर गावाची बोलणी खाल्ली." मग पदर सावरून ती पिंडाकडं वळली. "आवं, या खेपेला आपल्या घरातलं एकबी मत यांना जाणार न्हाई. खाऊन घ्या आता."

कावळा नदी ओलांडून सरळ पिंडावर उतरला. त्याच्यामागून आणखी चार आले.

आमदार घाईघाईनं चपला शोधू लागले, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब, परवा आमच्या आप्पांचं दहावं हाय. तेबी तुमचाच प्रचार करायचे. नक्की या बरं का!"