पिवळी पट्टी

नैराश्यावरच्या केटामाइनचं सलाईन संपलं, तशी नर्सने माधुरीच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधली. पुढचे चोवीस तास तिची सही किंवा होकार-नकार कायद्याने धरला जाणार नव्हता.

"गाडी चालवू द्यायची नाही, एकटं सोडायचं नाही," नर्सने श्रीरंगला बजावलं. "आणि साहेब, आज त्या काय बोलल्या ते उद्या सांगायचं नाही. पट्टी ऐकत असते. आठवण करून दिलीत तर उद्याचा शब्दही बाद."

रिक्षात माधुरी तीन वर्षांत पहिल्यांदा हसली. घटस्फोट तिनेच मागितला होता आणि तेव्हापासून ती भावाकडे राहत होती.

"श्रीरंग, ते कागद फाडून टाक. मी घरी येते."

"नोंद नाही," पट्टी म्हणाली.

"बघ, हिचासुद्धा विश्वास नाही माझ्यावर!"

 श्रीरंगने तिला भावाकडे पोचवलं आणि रात्रभर तो तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पट्टी हिरवी झाली. ठरल्याप्रमाणे त्याने घटस्फोटाचे कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं.

"काल मी काही बोलले का रे? रिक्षातलं काहीच आठवत नाही."

श्रीरंगने हिरव्या पट्टीकडे पाहिलं.

"सारखी चहा मागत होतीस."

तिने पेन उचललं, टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"सही पुढच्या आठवड्यात केली तर चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

"नोंद झाली," पट्टी म्हणाली.