कपाळावरचा लाल रंग

गरोदर वनिताला सकाळपासून ताप होता. तिच्या कपाळावरची, आरोग्य केंद्रानं दिलेली पांढरी टिकली घाम तपासायची आणि डेंग्यू असला की लाल व्हायची. ती लाल झाली, आपोआप निरोप गेला आणि आरोग्य केंद्राची गाडी दारात आली. सासू दुर्पताबाई घाईघाईनं तिचे कपडे पिशवीत भरू लागल्या.

गाडीतून आलेल्या नर्सबाईंनी दुर्पताबाईंना विचारलं, "मावशी, हिच्या कपाळाला काय लावलंत?"

"साबणानं धुतलं, देवीची हळद लावली, वर टिकली."

"अहो, साबण लागला की हळदच लाल होते! तोच रंग टिकलीत उतरला."

त्यांनी कपाळ स्वच्छ पुसून नवी टिकली लावली. टिकली पांढरीच राहिली.

"साधा ताप आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"आई, देवीनंच घाबरवलं होय मला?" वनिता हसली.

"गप गं! देवीनं नाही, माझ्या साबणानं."

दुर्पताबाई पेज शिजवायला चुलीपाशी बसल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.