कारखान्याची क्लिप

"येताना आईंना घेऊन ये," एवढंच मेकॅनिकने मेव्हण्याला फोनवर सांगितलं होतं.

मेव्हणा संध्याकाळी गाडी न्यायला आला तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. दारातूनच म्हणाल्या, "मीच याला म्हटलं, घरचा मेकॅनिक असताना दारोदार कशाला फिरतोस?"

"बरं केलंत, आई. बसा."

गाडी बावीस वर्षांची. आठवडाभर तिच्याखाली पेट्रोलचे थेंब पडत होते. मेकॅनिकने टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाईप बदलले होते. एक जोड सैल ठेवावा असं सकाळी त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. काम चोख करून त्याने जुने पाईप बाकावर मांडून ठेवले होते.

"झाली ना? निघतो, भावोजी," मेव्हणा म्हणाला.

"थांब जरा. गेल्या वर्षी तुझी ताई गेली त्या दिवशी, तिला दवाखान्यात न्यायला मी गाडी मागितली. काय म्हणाला होतास?"

मेव्हण्याने आईकडे पाहिलं. "परत तेच काय उकरून काढता? पेट्रोलचा पाईप फुटला होता. गाडी हलत नव्हती."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी बदलून घेतला, बाजारातल्या गॅरेजात. आईसमोर खोटं बोलेन का?"

मेकॅनिकने एक जुना पाईप उचलून सासूबाईंच्या हातात दिला. टोकाला कापलेली क्लिप लटकत होती.

"आई, ही क्लिप कारखान्यात दाबून बसवतात. एकदाच. ती कापल्याशिवाय पाईप निघत नाही, आणि कापली की परत लागत नाही. मग आम्ही गॅरेजवाले ही स्क्रूची लावतो." त्याने खिशातली नवी क्लिप दाखवली. "या गाडीत स्क्रूची एकही नव्हती. सगळ्या कारखान्याच्या. आज सकाळी मी कापल्या."

सासूबाईंनी पाईप उलटसुलट करून पाहिला. त्यांचे हात काळे झाले.

"म्हणजे याने बदललाच नव्हता?"

"आजवर कुणाचा हात लागला नव्हता. आणि फुटक्या पाईपावर गाडी वर्षभर फिरत नाही."

मेव्हणा बोटात किल्ली फिरवत होता, ती थांबली. "मला काय कळतं त्यातलं? गॅरेजवाल्यानेच फसवलं असेल."

"मी त्या दिवशी फोनवर एवढंच म्हटलं होतं," मेकॅनिक म्हणाला, "की तिला सारख्या उलट्या होताहेत, लवकर ये."

सासूबाई उठल्या, पाईप हातात तसाच घेऊन गाडीपाशी गेल्या आणि मागचं दार उघडलं.

"आई, तो आत नको," मेव्हणा पटकन म्हणाला. "कव्हरं खराब..."



सासूबाई आत पाहत राहिल्या. सीटवर पांढरी कव्हरं होती. कुठे साधा डाग नव्हता.

"ताई गेली त्याच आठवड्यात घातली होतीस ना ही?"



त्यांनी पाईप जमिनीवर टाकला. मेकॅनिकच्या खांद्यावर स्वच्छ फडकं होतं. त्याने ते पुढे केलं नाही. त्या वाकल्या आणि सीटवर हात पुसू लागल्या. सावकाश, एकेक बोट.