कडेच्या पट्ट्या

लेकीने शेवटचा गठ्ठा सोडला, एकेक चित्र भिंतीला टेकवून लावलं आणि कमरेवर हात ठेवून मागे सरली. नदी होती, बाजार होता, होड्या दुरुस्त करणारी माणसं होती. एका चित्रात तर कुणाचं तरी कुत्रं ऐटीत पाय पसरून बसलं होतं.

“कुत्र्याला जागा मिळाली,” ती म्हणाली. “आई कुठाय?”

चित्रकार चष्मा पुसत राहिला. उद्या दुपारी कलादालनाची गाडी चित्रं न्यायला येणार होती. आयुष्यभराच्या कामाचं हे पहिलंच मोठं प्रदर्शन, आणि लेकीचा हट्ट एकच होता. बाबांच्या हातचं आईचं एक तरी चित्र त्यात लागलं पाहिजे. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो घरात ढीगभर होते, पण फोटो काय, कुणीही काढतं.

“बाहेर चित्रं काढायला जायचात तेव्हा आई कायम बरोबर असायची. पाण्याची बाटली, छत्री, घडीचं स्टूल, सगळी हमाली तिची. आणि ती एकाही चित्रात नाही?”

“होती,” तो म्हणाला. “कापून टाकली.”

त्याची कामाची रीतच तशी होती. जागेवर बसून समोर दिसेल ते सगळं रंगवायचं, काही गाळायचं नाही. घरी आल्यावर मात्र दोन काटकोनी पुठ्ठे त्या चित्रावर सरकवत बसायचं, आणि नेमकी चौकट सापडली की पोलादी पट्टी ठेवून बाकीचं कापायचं. तैलरंगात नको ते झाकता येतं. जलरंगात ती सोय नाही, तिथे सुरीच लागते. विद्यार्थी पाठीमागे त्याला ‘शिंपीमास्तर’ म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

बायको बसायची त्याच्या उजव्या हाताला, जरा पुढे, सावली बघून. त्यामुळे ती दर चित्राच्या कडेला यायची, आणि जवळ असल्यामुळे चांगली मोठी यायची. घरी आल्यावर सुरी आधी तिच्यावरच चालायची. ती शेजारी उभी राहून बघायची. “गेले का मी?” असं विचारायची आणि हसत चहा टाकायला जायची.

शेवटच्या आजारपणात एकदा ती म्हणाली होती, “अहो, एकदा मला मधोमध काढा की.” त्याने तिला मास्तरकीच्या सुरात समजावलं होतं. मधोमध ठेवलेली गोष्ट चित्राला मारते, नजर तिथे जाऊन बसते ती हलतच नाही, वगैरे. “बरं,” ती म्हणाली होती. वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. ते ‘बरं’ आता त्याला जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं, आणि स्वतःचीच लाज वाटायची. मधोमध काढली असती तर काय आकाश कोसळणार होतं?

“कापलेल्या पट्ट्या फेकल्यात?” लेकीने विचारलं.

“छे. इतका चांगला जाड कागद फेकतंय कोण.” त्याने टेबलाखालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. “मागची बाजू कोरी असते. रंग तपासायला घेतो.”

डबा गच्च भरला होता. वरच्या पट्टीवर निळ्याचे, तपकिरीचे, मातकट हिरव्याचे फटकारे होते, रंग कागदावर कसा उतरतो ते बघायला मारलेले. लेकीने ती उचलली आणि उलटी केली. मग दुसरी उलटी केली. मग तिने सगळा डबाच जमिनीवर पालथा केला आणि एकीशेजारी एक पट्ट्या मांडायला बसली.

छत्री धरलेली तरुण आई. डोक्याला रुमाल बांधलेली आई. स्टुलावर बसलेली, केस पिकलेली आई. कुठे खांदा तुटला होता, कुठे कोपरापासून पुढचा हात चित्राबरोबर कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेला होता. चेहरे मात्र बहुतेक शाबूत होते. डब्यात ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे रंग भिंतीवरच्या चित्रांहून ताजे होते. इतकी वर्षं तो याच पट्ट्यांच्या पाठीवर ब्रश टेकवत आला होता आणि एकही उलटून पाहिली नव्हती.

“एवढी सुंदर काढलीत,” लेक म्हणाली. “मग कापायची कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर त्याने वर्गात इतक्यांदा दिलं होतं की ते आपसूक तोंडून आलं. “कडेच्या माणसाने चित्राच्या आत बघायला हवं. ही बाहेर बघते. मग पाहणाऱ्याची नजरही तिच्यामागोमाग चित्राबाहेर जाते. किती वेळा सांगायचो तिला, समोर एवढी सुंदर नदी आहे, तिकडे बघ की. ‘बघतेय, तुम्ही काढा,’ म्हणायची. आणि पुन्हा मान अशीच.”

“बाहेर म्हणजे कुठे, बाबा?”

नीट दाखवून द्यावं म्हणून त्याने एक पट्टी उचलली, काम करताना कागद धरायचा तशी समोर धरली, आणि बोलायचा थांबला. ती बघत होती त्या जागी, गुडघ्यांवर फळी घेऊन, नदीकडे डोळे लावून, दर वेळी तोच बसलेला असायचा.